घोडीच्या शेपटीचा ब्रश

घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी आईने मला सांगितलं, तुरीच्या डाळीचा मोठा डबा तू काढायचा नाही, डाळ लागली तर मला सांगायचं. मी यवतमाळच्या होस्टेलवरून शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आले होते. बॅग अजून दारातच होती. मी कारण विचारलं नाही. आमच्या घरात मी फारसं विचारत नसे. दुपारी ती कपडे धुवायला मागे गेली तेव्हा मी डबा खाली उतरवला आणि डाळीत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा प्लास्टिकची पिशवी लागली. पिशवीत बाबांचं दाढीचं रेझर होतं आणि ब्लेडची दोन पाकिटं.

मी पिशवी परत पुरली आणि वरून डाळ सारखी केली. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती, तिच्या जागी स्क्रूची चार भोकं होती. अंगणातली कपडे वाळवायची नायलॉनची दोरी नव्हती, कपडे कुंपणावर पसरलेले होते. मोरीच्या कोपऱ्यात झुरळांच्या औषधाची बाटली असायची, तिथे फक्त एक गोल डाग राहिला होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या आर्णीच्या आसपास तेव्हा घराघरातून काही ना काही लपवलं जात होतं. बहुतेकांकडे ती कपाशीवर फवारायच्या विषाची बाटली असे. आमच्याकडे शेत नव्हतं, म्हणून बाटली नव्हती. आईला जे जे सुचलं ते तिने लपवलं होतं.

बाबा कापसाचे ग्रेडर होते. जिनिंग कारखान्याच्या आवारातल्या सरकारी खरेदी केंद्रावर गाडी आली की ते तिच्यात खोल हात घालत, बोंडाएवढा पुंजका काढत आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढत. ओढायचं, जुळवायचं, पुन्हा ओढायचं. चारपाच वेळा असं केलं की धागे एकमेकांना समांतर होत. मग ते तो झुपका आपल्या काळ्या पँटच्या गुडघ्यावर ठेवून धाग्याची लांबी बघत. पट्टी त्यांनी कधी वापरली नाही. लहानपणी मी माझ्या वेणीचं टोक त्यांच्यापुढे धरायची आणि ते गंभीर चेहऱ्याने ओढून बघत. "लांब धागा," म्हणत. "चांगला माल हाय."

त्या हंगामात केंद्र मध्येच बंद झालं. वरून निरोप आला की उद्यापासून नाही, आजपासूनच खरेदी नाही. निरोप आला तेव्हा फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती, काही दोन दोन दिवसांपासून उभ्या होत्या. साहेब लोक जीपमध्ये बसून निघून गेले आणि रांगेला सांगायचं काम बाबांवर आलं. ते एकेका गाडीपाशी जाऊन सांगत होते. एका माणसाने ऐकून घेतलं, आपल्या गाडीतून मूठभर कवडी काढली आणि बाबांच्या तोंडावर मारली. कवडी म्हणजे किडीने आणि पाण्याने खराब झालेला, अर्धवट उमललेला पिवळट कापूस. त्यात बोंडाचे कडक तुकडे असतात. बाबांच्या गालावर ओरखडा उठला. ते तसेच चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही, नंतरही केली नाही. बोलणंही हळूहळू बंद झालं. हे सगळं मला आईने फोनवर सांगितलं होतं, पण घरातला आवाज नाहीसा होतो म्हणजे काय ते फोनवर कळत नाही.

मी आले तेव्हा दाढी करणं सोडून त्यांना सात आठवडे झाले होते. ओरखडा केसांखाली गेला होता. ते सकाळी उठून अंगणातल्या खुर्चीवर बसत आणि ऊन आलं की खुर्ची सावलीत सरकवत. दिवसभरात त्यांचं तेवढंच काम. जेवायला बोलावलं की येत, पुढ्यातलं संपवत, हात धुऊन पुन्हा खुर्चीवर. शेजारच्या काकू एकदा कुंपणावरून हळूच विचारून गेल्या, कोणाचं सुतक आहे काय म्हणून. आमच्याकडे पुरुषमाणसाची दाढी वाढलेली दिसली की लोक आधी तेच विचारतात. आई पटकन म्हणाली, "नवस केला त्याईनं. दाढीचा." कोणत्या देवाचा, तेही तिला सांगावं लागलं, आणि तेव्हापासून काकू दर दोन दिवसांनी नवस कधी फिटणार ते विचारू लागल्या.

आई आणि मी पाळीने त्यांच्यावर लक्ष ठेवत होतो. असं ठरवून कोणी बोललं नव्हतं. ती बाजारात गेली की मी अंगणात पुस्तक घेऊन बसे, मी आत गेले की ती गहू निवडायला बाहेर येई. बाबा न्हाणीघरात गेले की दोघींचं बोलणं थांबे. पाण्याचा आवाज ऐकत राहायचं. तो थांबला की मनात मोजायचं. मी साठपर्यंत जायची. आई किती मोजायची मला माहीत नाही, पण एकदा ती माझ्या आधी उठली.

मला त्यांच्याशी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. तसंही मला घरात बोलणं जड जाई. शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही होस्टेलवरची. घरी आले की माझी मराठी पुस्तकातली वाटे आणि आईबाबांची वऱ्हाडी मला कळे पण माझ्या तोंडून नीट येत नसे. लहानसहान गोष्टींचं ठीक आहे. पण बाबा, तुम्ही मरू नका, हे मी कोणत्या भाषेत म्हणणार होते?

ब्रश मला न्हाणीघराच्या कोनाड्यात सापडला. आजोबांचा होता, नंतर बाबांचा झाला. आजोबा जिनिंगमध्ये फिटर होते आणि त्यांना तो कुठून मिळाला याविषयी घरात दोन गोष्टी सांगितल्या जात. एकीत मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर होता, दुसरीत नागपूरचा लिलाव. मूठ काळ्या शिंगाची, कमरेत बारीक, बोटं बसून बसून गुळगुळीत झालेली. बाबा रोज सकाळी तो झटकून उलटा टांगून ठेवत. त्या शेवटच्या दिवशी सकाळी दाढी केल्यावर, निरोपाआधीच कसली घाई होती कोण जाणे, तो मगमध्ये पाण्यात उभाच राहिला होता आणि नंतर कोणी हात लावला नव्हता. पाणी आटलं होतं. मगच्या तळाशी साबणाचा करडा थर होता. ब्रशचे केस काळपट होऊन चिकटले होते, मूठ उभी तडकली होती, आणि मी केस हलकेच ओढले तर अर्धा झुपका हातात आला. आत कुजल्याचा वास होता.

ब्रश दुरुस्त झाला तर बाबा दाढी करतील असं मला तेव्हा खरंच वाटलं का, सांगता येत नाही. घरात एवढी एकच गोष्ट होती जिचं काय बिघडलं आहे ते मला दिसत होतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे खरादी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते लाकूड फिरवून लाटणी, बाजेचे पाय, पाळण्याचे लट्टू करत. मी जाऊन गुंडाळलेला ब्रश त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मूठ हातात घेतली, तडा बघितला, खूश झाले. मग केस उन्हात धरले, टोकं डोळ्यांजवळ नेली आणि ब्रश हळूच खाली ठेवून हात फडक्याला पुसले.

"मूठ मी करून देतो. पर ये बाल मैं नहीं पकडूंगा बेटा. टोकाले फाटेल हाये, पाह्य. डुकराचे हायेत. बुरा मत मानना."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी ब्रश उचलून निघालेच. त्यांनी हाक मारून थांबवलं. म्हणाले, केस तू घरी काढ, मूठ धुऊन आण, पुढचं मी बघतो. नवीन केस घोडीचे लावू, लग्नात नाचणारी घोडी त्यांच्या मेव्हण्याकडे होती. घोडीच्या शेपटीचे केस पाण्याला चालतात. झुपका मात्र मलाच बांधावा लागेल, कारण त्यांची बोटं आता बारीक कामाला वळत नव्हती. मी म्हटलं, मला येत नाही. "इंग्लिश मिडियमवाले इतना भी नहीं सिखाते?" ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता हसले.

घरी मी दुधाच्या जुन्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवून मूठ वाफेवर धरली. आतली जुनी राळ मऊ झाली आणि घाण वास सुटला. आई धावत आली.

"काय करून राह्यली?"

ब्रश नीट करते आहे, म्हटलं. ती ब्रशकडे बघत राहिली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"कायले? ब्रश झाला तं ते रेझर मागतीन. मंग मी काय देऊ त्याईले?"

हा विचार मी केलाच नव्हता. मी गॅस बंद केला. आई थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग तिनेच तो पुन्हा पेटवला आणि चिमटा माझ्या हातात दिला. त्यानंतर चार दिवस ती त्या विषयावर बोलली नाही, पण डब्याची जागा बदलली. मला दोन दिवस लागले शोधायला.

चाचांनी मूठ झकास करून दिली. तड्यात काळी लाख घासून भरली होती, बोट फिरवलं तरी कळत नव्हती. घोडीचे केस त्यांनी कागदात बांधून दिले. मी ते रिठ्याने धुतले, उन्हात वाळवले, झुपका केला, टोकं वरखाली होती ती कात्रीने छाटून छान गोल केली आणि बुडाशी धागा आवळला. चाचांनी मुठीच्या खळग्यात गरम लाख ओतून झुपका बसवला. उकळत्या पाण्यात घालू नको, म्हणाले, लाख सुटेल. तो हातात घेऊन घरी येताना मी बऱ्याच दिवसांनी सरळ चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीचा मग घासून, कोमट पाणी भरून, साबण आणि ब्रश कोनाड्यातल्या आरशापाशी ठेवले. न्हाणीघराचं दार उघडंच ठेवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसत होतं. बाबा तोंड धुवायला आले. ब्रश बघितला. बराच वेळ बघितला. मग उचलला, अंगठ्याने तड्याची जागा चाचपली, पाण्यात बुडवला आणि तळहातावर फिरवला. माझ्या शेजारी आई उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

त्यांनी तळहात उजेडात धरला. त्यावर केस चिकटले होते, दहाबारा तरी. त्यांनी पुन्हा फिरवला. आणखी निघाले. त्यांनी ब्रश होता तसा ठेवला, हात धुतला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

तो दिवस फार वाईट होता. दुपारी ते जेवायलाही उठले नाहीत. आई ताट घेऊन गेली आणि तसंच परत घेऊन आली. मला वाटलं, मी त्यांना हेच दाखवून दिलं. एवढीशी वस्तू, हातात मावणारी, तीही परत नीट होत नाही. आई मला रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या आधी मी गरम पाणी, ब्रश आणि वर्तमानपत्र घेऊन अंगणात बसले. त्यांच्यापासून चार हातांवर, कारण पाळी माझीच होती. लाख मऊ करून झुपका उपसला, धागा कापला आणि केस कागदावर पसरले. कुठे चुकलं ते कळत नव्हतं. केस चांगले होते, गाठ घट्ट होती. मी रडत होते पण मान खाली होती. तेवढं मला येतं, आवाज न करता रडणं, होस्टेलवर शिकले होते.

खुर्ची करकरली. बाबा वाकले आणि कागदावरून चिमूटभर केस उचलले. दोन्ही हातांच्या चिमटीत धरले. ओढले, जुळवले, पुन्हा ओढले. त्यांचे हात ते आपोआपच करत होते. झुपका गुडघ्यावर ठेवला, पण लेंगा पांढरा होता.

"काळं फडकं आण," ते म्हणाले.

आवाज घोगरा होता, न वापरलेला. मी जागची हलले नाही, मला ते खरं वाटेना. आई मात्र दारातून आत पळाली. घरात काळं असं एकच फडकं होतं, तिचा परकर. तो तिने आणून त्यांच्या गुडघ्यावर पसरला. एरवी ती लाजेने मेली असती. बाबांनी परकराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि केस त्यावर ठेवले.

काळ्यावर केस दिसायला लागले. काही बोटभर, काही अर्धं बोट, काही त्याहून आखूड.

"वरून कापून सारखं केलं तू," ते म्हणाले. "आखूड केस गाठीपर्यंत पोचलेच नाई. ते गळणारच. बुडातून सारखं करा लागते. वर मंग जसं येईन तसं."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं बाबा.

"लांबी पाह्यली नाई."

त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस ते केस निवडत बसले. मी चाचांकडून आणखी केस आणले. ते एकेक चिमूट ओढत, जुळवत, लांब केस उजवीकडे ठेवत, आखूड डावीकडे टाकत. डावीकडचा ढीग मोठा होत गेला. बोलत नव्हते, पण त्यांच्या न बोलण्याला आता काहीतरी काम होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चिमूट डावीकडे टाकली आणि म्हणाले, "हे कवडीत."

म्हणाले आणि थांबले. हात परकरावर तसेच राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. शेजारच्या काकूंच्या रेडिओवर बाजारभाव चालू होते.

"त्याची कवडी वरतं होती फक्त," बाबा म्हणाले. "पावसानं वरचा थर भिजला होता. म्या हात घातला ना आत. खालचा माल एक नंबर होता. लांब धागा." आणखी एक चिमूट उचलत म्हणाले, "मले माईत होतं. अन् म्या त्याले सांगतलं, घेऊन जा."

तुमच्या हातात नव्हतं, असं मी म्हणणार होते. पण ते वाक्य शाळेतल्या पुस्तकातलं वाटलं. मी गाठीसाठी धागा पुढे केला. त्यांनी तो घेतला, लांब केसांचा झुपका बुडाकडून ठोकून ठोकून सारखा केला आणि स्वतः बांधला. टोकं वरखाली राहिली. ब्रश थोडा केसाळ दिसत होता, नीट न विंचरलेल्या डोक्यासारखा. चाचांनी लाख ओतताना तो निरखला आणि विचारलं, ये किसने बांधा? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ग्रेडरसाहेबाले माझा सलाम सांग.

सलाम मी घरी सांगितला. बाबा ऐकून उठले. दाढीचा मग घेऊन पाणी भरलं. आरशापाशी उभे राहून ब्रश तळहातावर फिरवला, हात उजेडात धरला. एक केस निघाला, एकच. मग ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"रेझर कुठी हाये?"

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, खाली बसली आणि करपायला लागली तरी तिने उलटली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. हे माझ्यामुळे झालं होतं, उत्तर मीच द्यायला हवं होतं. नाही म्हणावं तर ब्रश त्यांच्या हातात होता. हो म्हणावं तर ब्लेड.

शेवटी आईनेच गॅस बंद केला. फळीच्या मागच्या बाजूने डबा काढला, ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं आणि त्यांच्यासमोरच डाळीत हात घातला. कोपरापर्यंत. थोडी डाळ ओट्यावरून खाली सांडली. पिशवी बाहेर आली तेव्हा तिच्यावर डाळीची पिवळी भुकटी होती.

बाबांनी पिशवी घेतली नाही. डब्याकडे बघत होते. मग मागे वळून त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे कडी नव्हती. अंगणात पाहिलं, जिथे दोरी नव्हती. हे सगळं त्यांना आधीच दिसलं होतं की तेव्हा पहिल्यांदा दिसलं, मला अजून कळलेलं नाही.

"दोघीही बाहेर या," ते म्हणाले.

दाढी अंगणातच केली. इतकी वाढली होती की आधी कात्री लागली. मी छाटली, त्यांच्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर कधी उभी राहिले नव्हते. आईने आरसा धरला. आरशातला चेहरा हलत होता, आणि बाबा दोनदा म्हणाले, नीट धर. फेस चांगला झाला. रेझर गळ्यापाशी आलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. ओरखड्याची जागा उघडी झाली, तिथे पांढरी बारीक रेघ राहिली होती. त्या रेघेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

मग त्यांनी रेझर उघडलं, ब्लेड काढून धुतलं, टॉवेलने पुसलं आणि सगळं परत पिशवीत घातलं. पिशवी आईपुढे धरली.

"राहू दे डाईतच," ते म्हणाले. "मी सकाई मागत जाईन."

आईने पिशवी घेतली. ती आत गेली. आतून डाळीत हात घातल्याचा आवाज आला, पाऊस पडल्यासारखा. बाबांनी ब्रश झटकला आणि कोनाड्यातल्या खिळ्याला उलटा टांगला.

त्यानंतर रोज सकाळी ते दारात येऊन रेझर मागत, आई डाळीतून काढून देई आणि दाढी झाली की ते परत देत. काही सकाळी ते मागायला येत नसत, तेव्हा आम्ही पुन्हा पाण्याचा आवाज ऐकत बसू. केंद्र पुन्हा सुरू झालं नाही. डाळ संपत आली की आई जुनी संपायच्या आतच नवी आणून वरून ओतत असे, त्यामुळे तळाची डाळ आम्ही दीड वर्ष शिजवली नाही. तिला किडे लागले तरी नाही.